तोंडी गेलेलं ड्रॉइंग

काकीच्या कारखान्यात सात मशिनं होती. सहा उघड्यावर धडधडत. सातवं, धातू फिरवून कापणारं नवं लेथ, कोपऱ्यातल्या खोलीत कुलपाआड बसवलेलं होतं, एखाद्या रुसलेल्या जावयासारखं. त्या खोलीत पाचच माणसांना जायची मुभा. पाचांची नावं दारावर डकवलेली आणि त्यांत पहिलं नाव काकीचं. नावाखाली तिची सही. सहीतली अक्षरं एवढी मोठी की बाकीच्या चौघांना कोपऱ्याकोपऱ्यात सह्या कराव्या लागल्या होत्या.

खोलीची ही सगळी शिस्त सूनबाईची. एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं होतं, कसल्याशा यंत्रात बसणारी धातूची कडी बनवायची. कडी दिसायला बांगडीसारखी, पण तिच्या ड्रॉइंगवर लाल शिक्का होता. शिक्क्याचा अर्थ असा की या कागदावरची माहिती सरकारी परवान्याशिवाय देशाबाहेर जाता कामा नये, आणि परक्या देशाच्या नागरिकाला कळता कामा नये, मग तो इथेच शेजारी का बसलेला असेना. कागद कपाटात, किल्ली सूनबाईकडे, मोबाइल दाराबाहेरच्या पेटीत. कोण कधी आत गेलं, कोण कधी बाहेर आलं, याची वही. सगळ्याच्या खाली जबाबदार म्हणून सही सूनबाईची.

हे सगळं समजावून सांगायला सूनबाईने अर्धा तास सगळ्यांना समोर बसवलं होतं. त्यातली पंधरा मिनिटं काकीने सूनबाई बोलताना हात किती हलवते ते पाहण्यात घालवली. उरलेल्या पंधरा मिनिटांत कागद, कपाट, किल्ली आणि मोबाइल एवढं तिने पक्कं ध्यानात घेतलं. तिला वाटलं, झालं. कागद सांभाळायचा. जिने नवऱ्यामागे वीस वर्षं कारखाना सांभाळला तिला एक कागद सांभाळणं काय जड.

खरं तर काकीला कागद लागतच नसे. वाचणं तिला जिवावर येई. शाळा चौथीपर्यंत, असं ती सांगे, आणि कुणी जास्त विचारलं तर पुढचं काम सांगे. पण आकडा एकदा नजरेखालून गेला की सुटत नसे. त्याची तिची एक रीत होती. प्रत्येक मापाला ती घरातलं एक माणूस चिकटवून ठेवी. पंपाच्या बुशचा व्यास म्हणजे थोरल्या जावेच्या लग्नाचं साल. पाइप जोडायच्या फ्लँजची भोकं म्हणजे मावसभावाची पोरं, मोजून आठ. टिंबाच्या पुढचे आकडे म्हणजे महिने. कारखान्यातली निम्मी ड्रॉइंगं अशी तिच्या गोतावळ्यात मुरलेली होती. घरातली दोन्ही मुलं याच पाढ्यांवर वाढली. थोरल्याला ते कधी जमलं नाही. धाकट्याला मात्र आईने अर्धं नातं उच्चारलं की आकडा कळे.

धाकटा आता परदेशात होता. तिथलीच नोकरी, तिथलंच घर, आणि गेल्या वर्षापासून तिथलंच नागरिकत्व. रोज दुपारी चहाच्या वेळी काकी मागच्या पायरीवर बसून त्याला फोन करी. तिकडे तेव्हा सकाळ असे. फोन चाळीस मिनिटं चाले. त्यातली अडतीस काकी बोले.

तर ती कडी. पहिल्या आठवड्यात एकही कडी धड निघाली नाही. भिंत इतकी पातळ की लेथच्या जबड्यांनी बाजूने आवळली की गोल दिसायची, आणि सोडली की अंड्यासारखी व्हायची. लेथवर मुका मिस्त्री होता. तो मुका नव्हता, दिवसाला चार शब्द बोले, पण त्या आठवड्यातले चारही शब्द इथे लिहावेत असे नव्हते. अकरा कड्या भंगारात गेल्या. धातू महाग, हट्टी, आणि मोजून मिळालेला. कंपनीचा तपासनीस गुरुवारी यायचा होता. तोवर एक तरी चांगली कडी दाखवली नाही तर काम दुसऱ्याला जाणार, आणि हे काम म्हणजे कारखान्याची निम्मी भाकरी, बाकीच्या सहा मशिनांची मिळून होते तेवढी.

सोमवारी दुपारी काकी पायरीवर बसली आणि धाकट्याने विचारलं, आवाज का उतरलाय. झालं. काकीने सांगून टाकलं. बाहेरून आजोबा गेले ते वय, लांबी म्हणजे आत्याचं लग्न, भिंत थोरला चालायला लागला तेवढी, आणि आत एक खाच आहे ती माझी शाळा.  धाकटा एवढ्यावर हसला, म्हणाला थोरल्याच्या पायांवर एवढा भार टाकल्यावर कडी वाकणारच. मग म्हणाला, बाजूने आवळूच नका. वरून सपाट चकती ठेवून खाली दाबून धरा.

मंगळवारी काकीने तसं करायला लावलं. मुक्या मिस्त्रीने पितळेची चकती बनवली, कडी वरून दाबली, आणि दुपारी जी कडी निघाली ती कुठूनही मोजा, गोल. मिस्त्री काकीकडे बघून सात शब्द बोलला. म्हणाला, एवढी वर्षं झाली, मला नसतं सुचलं काकी. दोन दिवसांचे शब्द एका दमात खर्च केले बिचाऱ्याने.

काकीने ते कौतुक घेतलं. घेतलं म्हणजे नाकारलं नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, सुचतं कधीकधी.

बुधवारी सकाळी सूनबाई रूट कार्ड घेऊन आली. कडीसोबत फिरणारं कार्ड ते, त्यावर प्रत्येक पायरी लिहायची. त्यात एक रकाना होता, पद्धत बदलण्याचं कारण आणि कुणी सुचवलं. सूनबाईने आधीच लिहून आणलं होतं आणि ते तिने वाचून दाखवलं: पकड बाजूऐवजी वरून घेतली, सूचना सासूबाईंची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत सूनबाईच्या तोंडून काकीबद्दल एवढं चांगलं वाक्य निघालं नव्हतं, आणि निघालं ते लेखी. काकीने पेन हातात घेतलं.

सूनबाई आनंदात होती, म्हणून बोलत राहिली. म्हणाली, आई, बरं झालं घरच्या घरी सुटलं. परवा त्या पलीकडच्या कारखान्याने बाहेरच्या एका ओळखीच्याला फोनवर नुसती मापं विचारली, तर त्यांची खोलीच बंद झाली. तोंडी सांगितलं तरी ते बाहेर पाठवल्यासारखंच धरतात, मी शिकवलं होतं ना त्या दिवशी.

काकीचं पेन कार्डावर टेकलेलं होतं. तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"सूनबाई," ती म्हणाली, "मला नाही सुचलं ते. धाकट्याला सुचलं."

सूनबाई भंगाराच्या डब्यावर बसली. डबा अकरा कड्यांनी भरलेला होता आणि टोचत असणार, पण ती उठली नाही. तिने विचारलं, फोटो पाठवला का. नाही. कागद दाखवला का. कागद कपाटात होता, किल्ली तुझ्याकडे होती.

"मग सांगितलं काय?"

"सगळं."

"वरून दाबा हे सांगायला त्यांना एकही माप लागत नव्हतं, आई."

हे खरं होतं, आणि ते काकीला त्या क्षणी कळलं. पातळ कडी आहे, बाजूने धरली की वाकते, एवढं म्हटलं असतं तरी पोराने हेच सांगितलं असतं. बाकीचं सगळं तिने सांगितलं ते सांगता येतं म्हणून. आकडे आठवतात हे दाखवायची खुमखुमी, दुसरं काय.

पण हार मानेल ती काकी कसली. ती म्हणाली, मी एकही आकडा उच्चारलेला नाही. आजोबा म्हटलं, आत्या म्हटलं. त्यातून कुणाला काय कळणार. सूनबाई म्हणाली, धाकट्या भावजींना कळलं का. 

थोरल्याला बोलावलं. थोरला कारखान्याचा मालक, निदान बिलावर तरी. त्याने ऐकलं, दार लावलं आणि म्हणाला, ते कार्ड आहे तसं सही करून टाक आई. तोंडाची वाफ ती, तिचा कुठे पुरावा आहे. भाऊ काय सांगत फिरणार आहे का. गुरुवारी काम पक्कं होऊ दे, मग बघू.

सूनबाई आपल्या हातांकडे बघत होती. एरवी सतत हलणारे हात मांडीवर पडलेले काकीने पहिल्यांदा पाहिले. सही तिची होती. कधीकाळी हे उघडं पडलं तर विचारणारे तिला विचारणार होते, आणि ती म्हणणार काय, सासूने गप्पा मारल्या?

काकीने थोरल्याकडे नीट पाहिलं. लहानपणी याने साखर खाल्ली की बरणीचं झाकण उलटं बसवून ठेवी. खोटं पचवायला पोटात जागा लागते, ती याच्याकडे नव्हती आणि तिच्याकडे होती असंही नाही.

"सही मी करणार नाही," ती म्हणाली. "उद्या त्या माणसाला मी सांगेन. चूक माझी, तोंड माझं. दुसऱ्या कुणी त्यात पडायचं नाही."

थोरल्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, काम गेलं तर. काकी म्हणाली, गेलं तर गेलं, पंपाचे बुश बनवू. आवाज ठणठणीत होता. मात्र घरी जाऊन तिने दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा प्यायची विसरली.

गुरुवारी तपासनीस आला. किडकिडीत, स्वतःची पाण्याची बाटली स्वतः घेऊन येणारा, खुर्चीवर बसायच्या आधी रुमालाने खुर्ची पुसणारा. त्याने कडी मोजली. पुन्हा मोजली. चेहऱ्यावरची एक सुरकुती सैल झाली, म्हणजे खूश झाला असावा. मग कार्ड हातात घेतलं आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

काकी म्हणाली, ते रिकामं आहे कारण ते मला सांगायचंय. त्याने तिला आजी म्हणून बसायला सांगितलं. तिने त्याला सांगितलं की कारखान्यात आपल्याला काकी म्हणतात, आजी घरी. मग बसली, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, पायरी, चहा, धाकटा, त्याचं नागरिकत्व. मधे त्याने दोनदा पाणी प्यायलं.

त्याने पिशवीतून एक फॉर्म काढला. कुणाला कळवलं, तिथे धाकट्याचं नाव. कशाद्वारे, तर काकी म्हणाली तोंडाने. त्याने दूरध्वनी लिहिलं. कोणती माहिती, इथे पेन थांबलं. त्याने विचारलं, नेमके शब्द काय होते.

"बाहेरून आजोबा, लांबी आत्याचं लग्न, भिंत थोरला चालायला लागला तेवढी, खाच माझी शाळा."

तपासनीसाने चष्मा काढून पुसला. मग सावकाश म्हणाला की यात एकही माप नाही. एवढंच बोललं गेलं असेल तर याला तांत्रिक माहिती म्हणावं की नाही, प्रश्नच आहे. थोरला एकदम सरळ बसला. म्हणाला, तेच मी म्हणत होतो साहेब, घरच्या गप्पा त्या. तपासनीसाने पेनाचं टोपण हातात घेतलं, लावायच्या बेतात. फक्त एक विचारलं, समोरच्याला यातून काही कळलं असेल का.

टोपण पेनापासून बोटभर लांब होतं. काकीला ते लागलेलं बघायचं होतं. सूनबाई तिच्याकडे बघत नव्हती, तेही तिने पाहिलं.

"माझा मुलगा आहे तो," काकी म्हणाली. "न कळायला काय झालं. सगळं कळलं."

टोपण टेबलावर गेलं. मग एकेक करून लिहायला सुरुवात झाली. आजोबा गेले ते अडुसष्टाव्या वर्षी. आत्याला एकेचाळीसपर्यंत एकही स्थळ पसंत पडलं नाही. थोरला एक वर्ष चार महिन्यांचा होऊन चालायला लागला, आळशी. मालक असलेल्या माणसाचे कान तपासनीसासमोर लाल झाले. प्रत्येक आकड्याला तपासनीस ड्रॉइंगवर नजर टाकी, मान हलवी आणि लिही. अडुसष्ट. एकेचाळीस. एक पूर्णांक चार. त्याचं अक्षर दर ओळीला बारीक होत चाललं होतं.

खाचेला तो थांबला. काकी बोलेना. थोरल्याने मदत केली, आईची शाळा म्हणजे चौथी, म्हणजे चार. तपासनीसाने ड्रॉइंग पाहिलं. तिथे चार नव्हते. मग हे माप चुकीचं सांगितलं गेलं, तो म्हणाला, आणि चुकीचं असेल तर ते गेलं असं धरता येणार नाही, एवढी एक ओळ तरी वाचली. खाचेवर पुष्कळ अवलंबून असतं, ही ओळ वाचणं चांगलंच.

चार लिहायला तो वाकला.

"चार नाही," काकी म्हणाली. "दोन सहा."

थोरल्याने वर पाहिलं. सूनबाईनेही.

"दोन वर्षं आणि सहा महिने. तेवढीच गेले मी शाळेत. चौथी मी आपली सांगते." ती तपासनीसाकडेच बघत बोलत होती. "धाकटा एकदा नापास होऊन रडत बसला होता, तेव्हा त्याला सांगितलं होतं. त्याला माहितीये. तेव्हा ते माप बरोबर गेलं. लिहा."

त्याने दोन पूर्णांक सहा लिहिलं. ड्रॉइंगवर तेच होतं.  मग सूनबाई उठली, पाण्याचा पेला भरला आणि काकीच्या हाताशी ठेवला. ठेवताना पेल्याखालचा कागद बाजूला सरकवला, भिजू नये म्हणून. ही बाई मरतानाही कागद आधी वाचवेल, काकीच्या मनात आलं, आणि तिला ते आवडलं.

जाताना तपासनीस सूनबाईशी बोलला. हे प्रकरण कंपनी आपणहून सरकारी कार्यालयाला कळवणार. धाकट्याने लिहून द्यायचं की त्याने काही टिपून ठेवलेलं नाही आणि कुणाला सांगितलेलं नाही. तोवर खोली बंद. आणि काम, थोरल्याने विचारलं. ते वरचे ठरवतील. मात्र हे आम्हाला आमच्या शोधात सापडलं असतं तर मी आत्ताच ते कुलूप माझ्या पिशवीत घालून नेलं असतं, असं तो म्हणाला आणि खुर्ची पुन्हा एकदा पुसून गेला. आता का पुसली ते कुणाला कळलं नाही.

पाच आठवडे खोली बंद राहिली. सहा मशिनांवर बुश निघत राहिले. मुका मिस्त्री उघड्यावर आल्यामुळे आणखीच मुका झाला. थोरला रोज सकाळी आईशी बोलायचं नाही असं ठरवून येई आणि दहाच्या सुमारास विसरे. सहाव्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. काम राहिलं. दारावरच्या यादीत चारच नावं राहिली. पहिलं नाव खोडून तिथे चौघांच्या सह्यांना ऐसपैस जागा झाली. काकीला पुन्हा आत जायचं असेल तर शिकवणी पहिल्यापासून घ्यायची, तीन महिन्यांनी, आणि शेवटी प्रश्नांची उत्तरं द्यायची.

ज्या खोलीच्या विटा नवऱ्याबरोबर तिने स्वतः रचल्या होत्या त्या खोलीचं दार तिच्या तोंडावर लागलं. पहिले दोन दिवस ती त्या बाजूलाच फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन दाराबाहेर बसली आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल पेटीत पडला की नाही ते बघू लागली. थोरला दोनदा परत पाठवला गेला. सूनबाईने पाहिलं आणि जाण्यायेण्याची वही काकीच्या मांडीवर आणून ठेवली. काकी म्हणाली, मला काय वाचता येतंय. सूनबाई म्हणाली, वेळ तर वाचता येते ना आई, कोण किती वाजता गेलं तेवढं लिहा. अडीच वर्षांत घड्याळ शिकवलं असेल.

हे बोलून ती थांबली, जरा जास्तच झालं की काय म्हणून. काकीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, घड्याळ मी बापाकडून शिकले, शाळेकडून नाही, आणि पेन घेतलं.

दुपारी चहाच्या वेळी, तपासनीस येऊन गेल्यापासून पहिल्यांदाच, ती पायरीवर जाऊन बसली; धाकट्याकडून लेखी सूनबाईने परस्पर मागवून घेतलं होतं. धाकट्याने फोन उचलताच विचारलं, आई, कडी गोल निघाली का शेवटी.

काकीने तोंड उघडलं. मिटलं. हे सांगितलं तर चालतं की नाही, हे तिला सूनबाईला विचारावं लागलं असतं, आणि तेवढ्यासाठी उठणं तिला बरं दिसेना.

"इकडे सगळे बरे आहेत," ती म्हणाली. "तुझं सांग."

 मग धाकट्याने विचारलं, तुझी तब्येत ठीक आहे ना. ठीक आहे म्हटलं.  मिनिटभर दोघांनाही पुढे काय करायचं ते कळेना. शेवटी त्याने चाचरत सुरुवात केली. मागच्या महिन्यात कामावर त्याच्या हाताखाली सहा माणसं दिलीत, त्यातला एकही ऐकत नाही. घराच्या मागे त्याने वांगी लावली होती, ती किड्यांनी खाल्ली. सकाळी जिना उतरताना त्याचा उजवा गुडघा दुखतो, आठ महिने झाले.

आठ महिने, काकीने विचारलं, आणि मला बोलला नाहीस. तो म्हणाला, मधे बोलायला जागा मिळाली तर ना.

इतकी वर्षं तिला वाटे, हा पोरगा वडिलांवर गेला, घुमा. तिने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला, पायरीवर पाय लांब केले आणि विचारलं, गुडघा आतून दुखतो की बाहेरून.